सोमल, रक्ताचा कर्करोग आणि पेशीचा मृत्यू

आर्सेनिक ट्रायऑक्साइड म्हणजेच सोमल. पांढरी, वास नसलेली, जवळजवळ बेचव पूड. शंभर-दोनशे मिलिग्रॅम पोटात गेली तर धडधाकट माणूस दगावू शकतो. हेच द्रव्य शुद्ध करून, दर किलो वजनामागे ०.१५ मिलिग्रॅम या मात्रेत रोज शिरेतून दिले, तर तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग बहुतांश रुग्णांत बरा होतो. ५० किलो वजनाच्या माणसासाठी ही मात्रा दिवसाला साडेसात मिलिग्रॅम भरते. या औषधाआधी आणि ॲट्राआधी (म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्लाआधी) हा रोग पुष्कळदा काही आठवड्यांत जीव घेत असे.

याचा उलगडा सहसा एका म्हणीत केला जातो: काट्याने काटा काढला, विषाने विष मारले. आर्सेनिक विषारी आहे, ते सगळ्याच पेशींना मारते, कर्करोगाच्या पेशी जरा नाजूक असल्याने आधी मरतात, अशी त्यामागची कल्पना. रुग्णांचे नातेवाईक असे बोलतात आणि पुष्कळ डॉक्टरही याच्या पलीकडे जात नाहीत. ही समजूत उथळ आहे, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही.

प्रत्यक्षात आर्सेनिक या पेशींमधल्या एकाच प्रथिनाला गाठते. ते प्रथिन पेशीच्या स्वतःच्या सफाई यंत्रणेकडून नष्ट करवून घेते. त्या प्रथिनाने रोखून धरलेले पेशीचे प्रौढ होणे आणि तिचे नैसर्गिक मरण पुन्हा सुरू होते. पेशी मरते ती नंतर, आणि स्वतःच्या हाताने. विषबाधा हा आर्सेनिकचा दुसरा, वेगळा गुण आहे. तो शरीराला त्रास देतो, पण रोग बरा होण्याचे श्रेय त्याला देता येत नाही. औषध कोणाला द्यायचे, उपचार चालू असताना पांढऱ्या पेशी वाढू लागल्या तर काय करायचे, एखाद्याने सोमलाच्या भस्माची पुडी पुढे केली तर काय म्हणायचे, या सगळ्यांची उत्तरे या एका फरकावर ठरतात.

रोग नेमका कुठे आहे

अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी टप्प्याटप्प्याने तयार होतात. प्रोमायलोसाइट ही त्यातली मधली अवस्था. पेशीत जांभळट कण भरलेले असतात, केंद्रक अजून मोठे असते. इथून पुढे ती प्रौढ न्यूट्रोफिल होते, काही दिवस जगते आणि मरते. या ल्युकेमियात पेशी याच टप्प्यावर अडकतात. पुढे सरकत नाहीत, मरत नाहीत, आणि मज्जा भरून टाकतात.

नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये या रोगाचे वेगळेपण पहिल्यांदा नोंदवले. १९७७ मध्ये जॅनेट रोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या पेशींत १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. १९९० च्या सुमारास त्या सांध्यावरची जनुके सापडली. १५ व्या गुणसूत्रावरचे पीएमएल आणि १७ व्या गुणसूत्रावरचे रार-अल्फा ही दोन जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात आणि पीएमएल-रारा नावाचे जोडप्रथिन तयार होते.

रार-अल्फाचे मूळ काम असे: अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल त्याला मिळाले, की ते पेशीला प्रौढ करणारी जनुके चालू करते. जोडप्रथिन त्याच जनुकांवर जाऊन बसते, पण त्यांना बंद ठेवणारी प्रथिने घट्ट धरून ठेवते. शरीरात नेहमी असणारे रेटिनॉइक आम्ल त्यांना सोडवायला पुरत नाही. दुसरे नुकसान पीएमएलच्या बाजूने होते. निरोगी पेशीच्या केंद्रकात पीएमएल प्रथिन पाच ते तीसेक गोल ठिपक्यांत गोळा झालेले असते. पेशीने विभागायचे की थांबायचे, जगायचे की मरायचे, याच्याशी संबंधित अनेक प्रथिने या ठिपक्यांत एकत्र येतात. जोडप्रथिन असलेल्या पेशीत हे ठिपके फुटतात. चमकणारे रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मोजक्या ठळक बिंदूंऐवजी केंद्रकभर शेकडो बारीक कण विखुरलेले दिसतात. एकाच प्रथिनाने पेशीचे प्रौढ होणेही अडवले आणि तिचे मरणही.

या पेशी आणखी एका कारणाने भयंकर असतात. त्यांच्यातली द्रव्ये एकीकडे रक्त गोठवायला लागतात आणि दुसरीकडे झालेल्या गुठळ्या विरघळवतात. गोठण्याचा सगळा साठा त्यात खर्च होतो. मग हिरड्यांतून, नाकातून, त्वचेखाली आणि शेवटी मेंदूत रक्तस्राव होतो.

आर्सेनिक प्रथिनापर्यंत कसे पोहोचते

आर्सेनिकला गंधकाची ओढ आहे. प्रथिनांमध्ये सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लात गंधक असतो. जिथे दोन-तीन सिस्टीन एकमेकांजवळ येतात, तिथे आर्सेनिकचा अणू पक्का बसतो. पीएमएल प्रथिनाच्या पुढच्या भागात असे सिस्टीन जवळजवळ असून ते एरवी जस्ताचे अणू धरून ठेवतात. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की आर्सेनिक थेट या जागी बसते. त्याच वर्षी फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की आर्सेनिकमुळे पेशीत होणारे ऑक्सिडीकरणही पीएमएलचे रेणू एकमेकांना जोडायला मदत करते. दोन्ही मार्गांचा परिणाम एकच: विखुरलेले पीएमएल पुन्हा गोळा होऊ लागते. आर्सेनिक दिल्यानंतर काही तासांतच ते बारीक कण नाहीसे होतात आणि ठळक ठिपके परत दिसू लागतात.

यापुढचे काम पेशी स्वतःच करते. गोळा झालेल्या पीएमएलवर सुमो नावाची छोटी प्रथिने एकापुढे एक जोडली जातात. ती साखळी आरएनएफ-४ हे एन्झाइम ओळखते आणि त्यावर युबिक्विटिनची खूण लावते. ज्या प्रथिनावर ही खूण लागते, त्याचे पेशीतल्या प्रोटिअसोम या यंत्रणेत तुकडे होतात. पीएमएलबरोबर त्याला जोडलेले रार-अल्फाही जाते, कारण ते एकाच रेणूचे दोन भाग आहेत. आर्सेनिकने पीएमएल-रारा नाहीसे होते हे १९९७ मध्येच दिसले होते. ते कोणत्या वाटेने नाहीसे होते, ही साखळी २००८ मध्ये उलगडली.

थोडक्यात, औषध फक्त सुरुवात करून देते. तोडण्याचे हत्यार पेशीचे आहे, आणि ते प्रत्येक निरोगी पेशीतही असते.

मग पेशी मरते कशी

आर्सेनिक आणि पेशीमृत्यू यांविषयीचे संशोधन १९९६-९७ मध्ये शांघायच्या प्रयोगशाळांतून पुढे आले. या रोगाच्या पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर आर्सेनिकच्या वेगवेगळ्या मात्रा तपासल्या गेल्या. लिटरला १ ते २ मायक्रोमोल एवढी मात्रा असताना पेशी नियोजित मृत्यूच्या मार्गाने गेल्या. मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावरचा विद्युतदाब ढासळला, आतले सायटोक्रोम-सी बाहेर आले, कॅस्पेज ही प्रथिने कापणारी एन्झाइमे जागी झाली, डीएनएचे तुकडे झाले. पेशीला मरणापासून वाचवणारे बीसीएल-२ हे प्रथिनही कमी झाले. मात्रा ०.१ ते ०.५ मायक्रोमोल ठेवली, तेव्हा पेशी मेल्या नाहीत. त्या हळूहळू अंशतः प्रौढ होऊ लागल्या.

या प्रयोगांपैकी पहिला भाग लोकप्रिय झाला आणि दुसरा मागे पडला. 'आर्सेनिक पेशींना आत्महत्या करायला लावते' हे वाक्य त्यातूनच आले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मायटोकॉन्ड्रियाचा मार्ग आर्सेनिक कोणत्याही पेशीत सुरू करू शकते, मात्रा पुरेशी वाढवली की झाले. ज्या पेशींत ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य कमी, त्या लवकर बळी पडतात, आणि या ल्युकेमियाच्या पेशी त्यांपैकी आहेत. पण रुग्ण बरा होतो त्याचे कारण एवढेच असते, तर हे औषध डझनभर कर्करोगांवर चालले असते.

बरे होण्याचे मूळ अधिक खोल आहे. जोडप्रथिन गेले की प्रौढ करणारी जनुके मोकळी होतात आणि पेशी न्यूट्रोफिल व्हायला लागते. त्याच वेळी निरोगी गुणसूत्रावरून आलेले पीएमएल पुन्हा ठिपके बांधते आणि त्या ठिपक्यांतून पी-५३ हे प्रथिन सक्रिय होते. मग पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी बनवणे थांबवते. ल्युकेमिया टिकतो तो याच क्षमतेवर.

प्रौढ होणे आणि ही क्षमता संपणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे ॲट्राच्या इतिहासातून कळते. शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने १९८८ मध्ये २४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ॲट्राच्या गोळ्यांनी जवळजवळ सगळ्यांच्या पेशी प्रौढ झाल्या आणि रोग मागे हटला. पण फक्त ॲट्रा घेतलेल्यांत रोग परत येई. पेशी प्रौढ झाल्या होत्या, रोगाचे मूळ शाबूत होते. उंदरांवरच्या प्रयोगांतही असेच दिसले: पीएमएल किंवा पी-५३ नसलेल्या ल्युकेमियात रेटिनॉइक आम्लाने पेशी प्रौढ झाल्या, पण रोग गेला नाही. एकटे आर्सेनिक मात्र पुष्कळ रुग्णांना कायमचे बरे करते.

विष हे कारण नव्हे, याचे पुरावे

पहिला पुरावा या रोगाच्या दुर्मीळ भावंडाचा आहे. काही रुग्णांत रार-अल्फा हे पीएमएलऐवजी पीएलझेडएफ या दुसऱ्या जनुकाला जोडलेले असते. पेशी बऱ्याच अंशी तशाच दिसतात, तशाच अडकतात. आर्सेनिकचा त्यांच्यावर उपयोग होत नाही. विषच काम करत असते तर याही पेशी मेल्या असत्या. त्यांच्या जोडप्रथिनात फक्त आर्सेनिकला बसायची जागा नाही.

दुसरा पुरावा सर्वांत बोलका आहे. काही रुग्णांत आर्सेनिक आधी लागू पडते आणि रोग उलटल्यावर लागू पडत नाही. अशांच्या पेशी तपासल्यावर पीएमएलच्या त्याच सिस्टीनांशेजारी बदल सापडले. २१६ व्या जागेवरचे ॲलनिन जाऊन तिथे व्हॅलिन आले, किंवा २१८ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन आले. साऱ्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलले आणि औषध निष्प्रभ ठरले. आर्सेनिक पेशीत शिरत होते, तिथे राहत होते, आणि तरीही पेशी जगत होती. विषबाधेचा सिद्धांत इथे कोलमडतो.

तिसरा पुरावा रुग्णाच्या मज्जेत दिसतो. नेहमीची केमोथेरपी मज्जा रिकामी करते, केस गळतात, तोंड येते, आणि मग नव्या पेशी उगवायची वाट पाहावी लागते. आर्सेनिकने मज्जा रिकामी होत नाही. रोगट पेशींच्याच वंशातल्या प्रौढ पेशी काही आठवडे रक्तात फिरतात आणि मग निरोगी पेशी त्यांची जागा घेतात.

चौथा पुरावा रक्तस्रावाचा आहे. जुन्या काळी या रुग्णांना केमोथेरपी दिली, की पेशी फुटत, त्यांच्यातली द्रव्ये एकदम बाहेर पडत आणि रक्तस्राव वाढे. उपचार सुरू झाल्यावर रुग्ण दगावण्याचे हे एक कारण होते. ॲट्राने आणि आर्सेनिकने हा बिघाड हळूहळू सावरतो, कारण पेशी फुटत नाहीत, बदलतात.

हार्बिनचे औषध आणि वेल्लोरचा अनुभव

आर्सेनिक रक्तरोगांवर नवे नाही. इंग्लंडच्या थॉमस फाउलर यांनी १७८६ मध्ये पोटॅशियम आर्सेनाइटचा एक टक्क्याचा द्राव प्रसिद्ध केला, आणि १८६५ मध्ये लिसाउअर यांनी तो दीर्घकालीन ल्युकेमियावर वापरल्याची नोंद आहे. पांढऱ्या पेशी उतरत, रोग जात नसे. क्षकिरण आणि नवी औषधे आल्यावर तो मागे पडला.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ईशान्य चीनमधल्या हार्बिन शहरात एका लोकवैद्यकीच्या औषधाची तपासणी सुरू झाली. त्यात आर्सेनिक होते, पाऱ्याचे संयुग होते आणि बेडकाच्या त्वचेतले विष होते. झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटक एकेक करून वेगळे केले. पारा आणि बेडकाचे विष नुसता त्रास देत होते. काम आर्सेनिक करत होते. शिवाय अनेक प्रकारच्या ल्युकेमियांत वापरून पाहिल्यावर एकाच प्रकारात ठळक यश दिसले. १९९८ मध्ये अमेरिकेत रोग उलटलेल्या १२ पैकी ११ रुग्णांत रोग पूर्ण मागे हटला, आणि २००० मध्ये तिथे औषधाला परवानगी मिळाली.

भारताने यात घातलेली भर कमी बोलली जाते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विक्रम मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २००४ या काळात नव्याने निदान झालेल्या ७२ रुग्णांना मुख्यतः एकटे आर्सेनिक दिले. ॲट्रा आणि पूर्ण केमोथेरपीचा खर्च बहुतेकांना झेपणारा नव्हता. त्यांपैकी ८६ टक्के रुग्णांत रोग पूर्ण मागे हटला, आणि पाच वर्षांनंतरही सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण हयात होते. गरिबीतून घेतलेला हा निर्णय शास्त्राच्या दृष्टीने मोलाचा ठरला. आर्सेनिकबरोबर दुसरे काही न देता रोग बरा होतो का, या प्रश्नाचे एवढे स्वच्छ उत्तर श्रीमंत देशांतल्या मिश्र उपचारांतून मिळाले नसते.

२०१३ मध्ये इटली आणि जर्मनीतल्या १६२ रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. रोगाचा धोका कमी किंवा मध्यम असलेल्यांना एकीकडे ॲट्रा व आर्सेनिक, दुसरीकडे ॲट्रा व केमोथेरपी देण्यात आली. दोन वर्षांनी काहीही विपरीत न घडता टिकलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ९७ टक्के, दुसऱ्यात ८६. तीव्र ल्युकेमियात केमोथेरपीशिवाय इतके यश मिळणे ही मोठी गोष्ट होती. ॲट्रा जोडप्रथिनाच्या रार-अल्फाच्या टोकाला धरते आणि आर्सेनिक पीएमएलच्या. एकाच रेणूवर दोन्हीकडून मारा होतो.

आक्षेप

पहिला आक्षेप असा की आर्सेनिकचे दुष्परिणाम तर विषाचेच आहेत. हृदयाची लय बिघडते, यकृताला सूज येते, हातापायांना मुंग्या येतात. हे खरे आहे. पण हे परिणाम पीएमएलवाटे होत नाहीत. हृदयाच्या पेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा अडल्या की ईसीजीतला क्यूटी हा कालावधी लांबतो. म्हणून उपचारात ईसीजी वारंवार काढतात, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भरपूर ठेवतात, आणि उलटीसाठी सर्रास दिले जाणारे ओन्डॅन्सेट्रॉनही जपून देतात, कारण तेही क्यूटी लांबवते. गुण आणि दोष वेगवेगळ्या वाटांनी येतात म्हणूनच एक राखून दुसरा आवरता येतो.

दुसरा आक्षेप परंपरेच्या अभिमानातून येतो. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात सोमल गौरीपाषाण या नावाने आहे, हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिकचीच गंधकयुक्त खनिजे आहेत, कारल्याच्या रसात सोमल शुद्ध करण्याचे विधी आहेत. तेव्हा हे ज्ञान आधीपासून होते, असे म्हटले जाते. द्रव्य ठाऊक होते यात शंका नाही, आणि ते हाताळण्याचे कसबही होते. पण कोणत्या ल्युकेमियावर ते चालते हे गुणसूत्र पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि भस्माच्या पुडीत किती मिलिग्रॅम आर्सेनिक गेले हे घेणाऱ्याला कळत नाही. हार्बिनमध्ये परंपरेतून फक्त सुरुवात मिळाली. औषध झाले ते दोन घटक काढून टाकल्यावर, मात्रा ठरवल्यावर आणि रोग नेमका ओळखल्यावर. रक्ताचा कर्करोग एक नाही. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलाला सोमल देणे म्हणजे त्याला फक्त विष देणे.

तिसरा आक्षेप: पाण्यातले आर्सेनिक तर कर्करोग निर्माण करते. बंगालात आणि गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमधल्या कौडीकसा परिसरात हे प्रश्न खरेच आहेत. वर्षानुवर्षे थोडे थोडे आर्सेनिक शरीरात गेल्याने त्वचा, मूत्राशय, फुफ्फुस यांचे कर्करोग होतात. काही महिन्यांच्या मोजलेल्या उपचाराशी त्याची तुलना होत नाही.  

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा: औषध लागू पडले ना, मग ते कसे लागू पडले हे जाणून काय करायचे? याचे उत्तर वॉर्डात मिळते. उपचार सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत रुग्णाच्या पांढऱ्या पेशी पाच हजारांवरून चाळीस-पन्नास हजारांवर जाऊ शकतात. आर्सेनिक पेशी मारते असे मानणारा डॉक्टर यावरून औषध निकामी ठरले असे समजेल. अडकलेल्या पेशी प्रौढ होऊन मज्जेबाहेर पडत आहेत हे माहीत असलेला डॉक्टर आर्सेनिक चालू ठेवील आणि गरज पडल्यास पांढऱ्या पेशी उतरवणारे हायड्रॉक्सीयुरिया देईल. याच काळात ताप, धाप, अंगावर सूज आणि फुफ्फुसाभोवती पाणी असा प्रकार झाला, तर न्यूमोनिया समजून नुसती प्रतिजैविके देत बसणे घातक ठरते. हा डिफरन्शिएशन सिंड्रोम असू शकतो आणि त्यावर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लगेच द्यावे लागते. लवकर केलेली मज्जा-तपासणीही फसवते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मज्जेत अजून प्रोमायलोसाइट दिसले तर रोग हटला नाही असा निष्कर्ष काढणे चूक, कारण पेशींचे प्रौढ होणे तेव्हा अजून चालूच असते.

मूर्तिजापूरच्या रुग्णासाठी याचा अर्थ

आर्सेनिक आणि ॲट्रा उपलब्ध असताना या रोगाने होणारे बहुतेक मृत्यू पहिल्या काही दिवसांत, रक्तस्रावाने होतात. म्हणजे प्रश्न मोठ्या शहरातल्या रुग्णालयाचा कमी आणि तालुक्याच्या गावातल्या पहिल्या तपासणीचा जास्त आहे.

अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरसारख्या गावात पावसाळ्यात कोणाचे प्लेटलेट कमी निघाले, की पहिला संशय डेंगूचा. तो रास्तही असतो. पण या ल्युकेमियातही प्लेटलेट कमी असतात, ताप असू शकतो, आणि पुष्कळदा पांढऱ्या पेशीही कमीच असतात, अगदी डेंगूसारख्या. यंत्राने छापून दिलेल्या आकड्यांवरून दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, डोळ्याने पाहिले तर मात्र ओळखता येतात. गर्द कणांनी भरलेल्या पेशी, मधोमध खाच पडून दोन पाळ्यांचे झालेले केंद्रक, आणि काही पेशींत एकमेकांवर आडव्यातिडव्या पडलेल्या लालसर काड्या, बांधावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांच्या मोळीसारख्या. एवढे दिसले की आणखी वाट पाहायची गरज नसते. रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे प्रोथ्रोम्बिन टाइम, लांबलेला आणि गोठण्याला लागणारे फायब्रिनोजेन घटलेले असेल, तर संशय पक्का होतो.

पीएमएल-रारा सापडल्याचा अहवाल यायला काही दिवस लागतात. तोवर थांबायचे नसते. ॲट्राच्या कॅप्सूल संशयावरच सुरू करायच्या असतात. नंतर निदान दुसरे निघाले तर एक-दोन दिवसांच्या ॲट्राने फारसे बिघडत नाही. रोग हाच निघाला तर ते दिवस जीव वाचवणारे ठरतात. प्लेटलेट तीस ते पन्नास हजारांच्या वर ठेवायचे, क्रायोप्रेसिपिटेट किंवा प्लाझ्मा देऊन फायब्रिनोजेन सावरायचे, स्नायूत इंजेक्शन द्यायचे नाही. जिल्हा पातळीच्या रुग्णालयात रक्तपेढी असते. ॲट्राच्या कॅप्सूलही तिथे ठेवलेल्या असाव्यात, हा आग्रह धरण्यासारखा आहे. रक्तस्राव चालू असलेल्या माणसाला औषधाशिवाय नागपूरच्या किंवा मुंबईच्या वाटेला लावण्यात सर्वांत मोठा धोका आहे.

त्यानंतरचा पल्ला लांब असतो. रोग मागे हटेपर्यंत आर्सेनिक रोज दोन तास शिरेतून, जास्तीत जास्त साठ दिवस. मग पुढचे टप्पे: आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे औषध, चार आठवडे सुटी, असे चारदा. म्हणजे आणखी ८० वेळा सलाइन. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठणाऱ्या वऱ्हाडातल्या कुटुंबाला औषधाच्या खर्चाइतकाच राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च जड जातो. टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा मोठा आधार आहे. 

हा पल्ला कमी करण्याची खरी शक्यता तोंडाने घ्यायच्या आर्सेनिकमध्ये आहे. हाँगकाँगमध्ये आर्सेनिक ट्रायऑक्साइडचा तोंडाने घ्यायचा द्राव अनेक वर्षे वापरात आहे. चीनमध्ये मनशीळ, म्हणजे आर्सेनिक सल्फाइड, मुख्य घटक असलेल्या गोळ्यांची तुलना शिरेतल्या आर्सेनिकशी झाली, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत त्या कमी पडल्या नाहीत. मनशीळ रसशास्त्राला जुनी ओळखीची आहे, पण या गोळ्यांमधले आर्सेनिक मोजलेले आहे आणि त्या गुणसूत्र तपासूनच दिल्या जातात. दुसऱ्या टप्प्यातले उपचार असे गोळ्यांवर आले, तर मूर्तिजापूरच्या रुग्णाला ८० दिवस रुग्णालयाच्या खाटेजवळ काढावे लागणार नाहीत. ईसीजी, पोटॅशियम-मॅग्नेशियम आणि यकृताच्या तपासण्या मात्र तितक्याच नियमाने कराव्या लागतील, आणि त्या अकोल्यात किंवा अमरावतीत होऊ शकतात.